बाबांच्या रक्तात जंतू सापडला, डॉक्टर म्हणतात कोलोनोस्कोपी करा. खरंच गरज आहे का?

नौपाडाकरीण

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते. जरा लांबण लागेल, पण त्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा ६७ वर्षांचे. गणपती झाले आणि त्यांना रोज संध्याकाळी कणकण सुरू झाली. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. जवळच्या दवाखान्यातून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाशेजारी ताप लिहायचे: 'अर्धा लि., १००.२', 'अर्धा लि., ९९.८'. महिन्याचं ते पान फाडून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली म्हणाले आणि औषध न देता आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहायची तपासणी, पाठवलं, तीनदा रक्त काढून. तिन्हींत एकच जंतू वाढला, स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस. इकोमध्ये हृदयाच्या झडपेवर बारीकशी वाढ दिसली. एंडोकार्डायटिस, म्हणजे झडपेला जंतूंची लागण.

सेफट्रायॅक्झोन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांच्या चार आठवड्यांपैकी तिसरा चालू आहे. ताप गेलाय, कॅलेंडरात आता नुसतं दूध.

प्रश्न पुढे आहे. डिस्चार्जच्या कागदावर खाली 'कोलोनोस्कोपी आवश्यक' असं लिहिलंय, म्हणजे मागून नळी घालून मोठं आतडं आतून पाहायचं. विचारलं तर कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, या जंतूचं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं नातं आहे. बाहेर पंधरा पेशंट बसलेले, त्यामुळे बोलणं तिथेच आटोपलं. बाबांनी साफ नकार दिलाय. "दुखणं छातीत आणि नळी घालणार कुठून, तर म्हणे..." पुढचं इथे लिहिता येत नाही. शौचातून रक्त नाही, पोटात दुखत नाही, भूक उत्तम. हिमोग्लोबिन तेवढं कमी, १०.४ आहे, ते आजारपणामुळे असेल असं आम्ही धरून चाललोय. मावसभावाच्या मते हे सगळे पैसे काढायचे धंदे.

जंतूमुळे कॅन्सर होतो की कॅन्सर असतो म्हणून जंतू रक्तात येतो? इंजेक्शनांनी जंतू मेला तर मग नळी कशाला? पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे, ती पुरत नाही का? आणि असा हट्टी माणूस तुमच्या घरी असेल तर त्याला कसं वळवलंत?

प्लेटवाली

ताई, वाशीला मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. आमच्याकडे जंतू वाढवायच्या प्लेटवर हे नाव आलं की रिपोर्ट नुसता पाठवत नाही, डॉक्टरांना फोन करतो. नातं जुनं आहे. १९५१ साली पहिल्यांदा नोंदलं गेलं, १९७७ साली पक्कं झालं. तेव्हा याचं नाव स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस होतं, जुने डॉक्टर अजून तेच म्हणतात. या जंतूचा संसर्ग झालेल्या ज्या लोकांचं आतडं तपासलं गेलं, त्यांच्यात साधारण ६० टक्के जणांना पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ) किंवा कॅन्सर सापडला, असं २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. घाबरू नका, त्यात पॉलिपही धरलेत, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात.

कोंबडी आधी की अंडं, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आहे. गाठ असते तिथे आतड्याचं अस्तर तकलादू होतं, तिथून हा रक्तात शिरतो. गाठीमुळे पित्ताम्लं बदलतात, त्यांच्या जोरावर याचं एक विष शेजारच्या जंतूंना मारतं आणि याला जागा मोकळी होते. उलट बाजूने, उंदरांत याने गाठी वाढवल्याचंही दिसलंय. तुमच्यासाठी महत्त्वाची पहिली बाजू. इंजेक्शनाने झडप साफ होईल, पण ज्या दारातून जंतू आत आला ते दार तसंच राहील. सोनोग्राफीत पॉलिप दिसत नाही. आणि १०.४ ला 'आजारपणामुळे' म्हणून सोडू नका. डोळ्यांना न दिसणारं रक्त महिनोन् महिने जाऊ शकतं.

(कल्चरआधी अँटिबायोटिक देऊ नका, हे आम्ही किती वर्षं सांगतोय! जंतू दबतो, प्लेट कोरी येते.)

घोडबंदरवाला

तोंडातल्या जंतूनेही आतड्याचा कॅन्सर होतो असं वाचलंय. मग सगळ्यांनीच अँटिबायोटिकचा कोर्स करून टाकावा का? निदान प्रोबायोटिक?

प्लेटवाली

कृपा करून नको. तो फ्यूझोबॅक्टेरियम. आतड्याच्या गाठींत तो खूप सापडतो आणि २०१७ साली उंदरांमध्ये मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकने अशा गाठींची वाढ मंदावली. उंदरांमध्ये! त्यावरून माणसांना गोळ्या देत नाहीत. कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवणारे काही ई. कोलाय (आतड्यातले जंतू) आहेत, त्यांचा संशय जास्त गंभीर आहे. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचे जनुक तपासले, तेव्हा चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये त्या विषाच्या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त दिसल्या. त्यावरही आज औषध नाही. यातलं काही ताईंच्या बाबांना लागू नाही, उगाच गोंधळ नको.

खोपटचा भाऊ

आमच्या सासऱ्यांना 'कॅन्सर' शब्द न काढता तयार केलं. "झडपेला पुन्हा लागण व्हायला नको, म्हणून वाट शोधतायत" एवढंच सांगितलं. खोटंही नाही. झोपेचं इंजेक्शन देतात, त्यांना काही आठवत नाही. खरा त्रास आदल्या दिवशीचा. दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर, खारट आणि गुळमट. गार करून, मध्ये लिंबू चोखत पाजा. लोहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधीच सांगा. आणि घरात संडास एकच असेल तर शेजाऱ्यांशी बोलून ठेवा, थट्टा नाही.

नौपाडाकरीण

उशिरा लिहितेय, माफ करा. इंजेक्शनं संपल्यावर कोलोनोस्कोपी झाली. वाट शोधण्याची युक्ती लागू पडली, भाऊ. दोन पॉलिप निघाले, एक ४ मिमीचा आणि एक १८ मिमीचा. तिथल्या तिथे काढले. बायोप्सीत कॅन्सर नाही, मोठ्याला ट्युब्युलोव्हिलस अॅडेनोमा म्हटलंय, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकला असता असा पॉलिप. तीन वर्षांनी पुन्हा बोलावलंय. बाबांनी कॅलेंडरात दुधाशेजारी लिहिलं, 'वाट सापडली'.

प्लेटवाली ताई, आता प्रश्न माझा आहे. बाबांचा पॉलिप एवढा मोठा निघाला म्हणून डॉक्टर म्हणाले मुलांनीही चाळिशीत तपासून घ्यावं. मी ४१ ची, भाऊ ३८ चा. आधी शौचाची तपासणी करून पाहू का, की सरळ नळीच?