लेगियाशी समझोता: जिंजिच यांच्यापुढे दुसरा रस्ता होता का?

आडकित्ता (धागाकर्ता):
मिलोराद उलेमेक ऊर्फ लेगिया. सर्बियाच्या जेएसओ या विशेष तुकडीचा, म्हणजे लाल बेरेटवाल्यांचा कमांडर. आधी फ्रेंच फॉरिन लीजन, मग १९९२ पासून सर्ब टोळीप्रमुख आर्कानची खासगी फौज, तिथून सरकारी गणवेश आणि १९९९ मध्ये थेट तुकडीची सूत्रं. आज ४० वर्षांची शिक्षा भोगतोय.

वादाचा मुद्दा ४ ऑक्टोबर २००० च्या रात्रीचा. निवडणूक हरूनही युगोस्लावियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच खुर्ची सोडत नव्हता आणि दुसऱ्या दिवशी लाखो लोक बेलग्रेडमध्ये उतरणार होते. विरोधकांचे नेते झोरान जिंजिच अॅडमिरल गेप्रात रस्त्यावर लेगियाच्या जीपमध्ये जाऊन बसले. ठरलं ते साधंच. लोकांनी पोलिसांवर गोळ्या चालवायच्या नाहीत, बराकींवर चाल करायची नाही. मग तुकडीही गोळी झाडणार नाही. दोघांनी शब्द पाळला.

तेवढ्या रात्रीपुरतं मला मान्य आहे. पण जानेवारी २००१ मध्ये जिंजिच पंतप्रधान झाले, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत ही तुकडी मोडीत काढायला हवी होती. कुंपणच शेत खातंय हे दिसत असताना त्यांनी कुंपण तसंच ठेवलं. १२ मार्च २००३ ला त्याच गेप्रात रस्त्यावरच्या १४ नंबरच्या इमारतीतून गोळी झाडून त्यांचा खून झाला. झाडणारा झ्वेझ्दान योवानोविच, याच तुकडीतला वरिष्ठ अधिकारी.

टपालपेटी:
पंचवीस वर्षांनी घरात पंखा लावून बसलं की सगळ्यांनाच दुसरा रस्ता दिसतो.

कोकणस्थ_कासव:
टपालपेटी, टोमणा झकास, पण मुद्दाही मांडा की. मी मांडतो.

मोडीत काढायची म्हणजे कुणाच्या जोरावर? सैन्य मिलोशेविचनंतरचे राष्ट्राध्यक्ष कोश्तुनित्सा यांच्या बाजूने झुकलेलं आणि त्यांचं नि जिंजिच यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. साधे पोलिस मिलोशेविचच्याच काळातले. २००१ च्या वसंतात मिलोशेविचला त्याच्या बंगल्यातून उचलायचं ठरलं, तेव्हा आधी पुढे कोण झालं? जेएसओ. २८ जूनला त्याला हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाकडे धाडताना हेलिकॉप्टरने बोस्नियातल्या तुझ्लापर्यंत पोचवायचं काम कुणी केलं? जेएसओ. दक्षिणेला प्रेशेवो खोऱ्यात अल्बेनियन बंडखोर होते, तिथेही हेच. ज्या पंतप्रधानाकडे हुकूम पाळणारी एकच सशस्त्र तुकडी आहे, त्याने तीच विसर्जित करायची? तुम्ही नेता नाही, हुतात्मा मागताय.

आडकित्ता:
हुकूम पाळणारी? नोव्हेंबर २००१ आठवा. युद्धगुन्ह्यांचे आरोपी बानोविच बंधूंना अटक करून हेगकडे सोपवलं, तर तुकडीने चिलखती गाड्या आणून बेलग्रेडचा हायवे अडवला. लेगियाचं कमांडरपद तोवर गेलं होतं, नाइटक्लबातले राडे त्याला भोवले होते. तरी सूत्रं त्याच्याच हातात. आणि राष्ट्राध्यक्ष कोश्तुनित्सा काय म्हणाले? डॉक्टर संप करतात तेव्हा पांढऱ्या कोटातच येतात ना, तसे हे गणवेशात आलेत! शेवटी बळी कुणाचा गेला? बंडखोरांचा नाही. गुप्तचर प्रमुख गोरान पेत्रोविच आणि त्यांचे सहायक मियातोविच यांना घरी बसवलं.

माळावरचा_बाभूळ:
दोघेही लेगियाभोवतीच घुटमळताय. कमांडर गेला असता तर दुसरा आला असता, आलाच की. मूळ गुप्तचर खात्यात होतं, ही तुकडी त्या खात्याची होती.

१९९७ चं कुळा गावातल्या तुकडीच्या तळावरच्या समारंभाचं चित्रीकरण यूट्यूबवर आहे, जरूर बघा. मिलोशेविच रांगेतल्या एकेकाशी हस्तांदोलन करत पुढे सरकतोय आणि गुप्तचर खात्यातला तुकडीचा संस्थापक फ्रान्को सिमातोविच त्याला बोस्निया-क्रोएशियात तुकडीने काय काय केलं ते अभिमानाने सांगतोय. चोरून काही नाही, सगळं कॅमेऱ्यासमोर! हीच फीत पुढे हेगच्या खटल्यात पुरावा म्हणून आली आणि २०२३ च्या अपिलात सिमातोविच आणि त्याचा वरिष्ठ स्तानिशिच, दोघांची शिक्षा १५ वर्षांवर गेली.

आणखी एक. माजी राष्ट्राध्यक्ष इवान स्ताम्बोलिच २५ ऑगस्ट २००० ला बेलग्रेडच्या कोशुत्न्याकमध्ये धावायला गेले ते परत आलेच नाहीत. तुकडीच्या माणसांनी त्यांना फ्रुश्का गोरा डोंगरात नेऊन मारलं, हे उघड झालं मार्च २००३ मध्ये. म्हणजे खून झाला तो जीपमधल्या त्या बैठकीआधी जेमतेम दीड महिना. समोरच्याचे हात कशाने माखलेत हे जिंजिच यांना तेव्हा ठाऊक असण्याची शक्यता मला तरी दिसत नाही.

खारीक_बदाम:
आपल्याकडचे चकमकफेम अधिकारी आठवले.

कोकणस्थ_कासव:
खारीकराव, तो वेगळा धागा काढा, इथे भरकटायला नको.

बाभूळ, स्ताम्बोलिचचं मान्य. पण विरोधी नेते द्राश्कोविच यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर ट्रक घालून चार जणांना मारलं ते ऑक्टोबर १९९९ मध्ये, इबार हायवेवर. संशय तेव्हापासूनच गुप्तचर खात्यावर होता. जिंजिच बाळबोध नव्हते. कुणाशी बोलतोय हे जाणूनच ते जीपमध्ये बसले, आणि तेच मला थोर वाटतं.

आडकित्ता:
मग थोरपण पुरे पडलं नाही असं म्हणा. बंडानंतर गुप्तचर खात्याचा उपप्रमुख म्हणून कुणाला आणलं? मिलोराद ब्रात्सानोविच, जेएसओचाच माजी सुरक्षा अधिकारी. बेलग्रेडच्या झेमुन या गुन्हेगारी टोळीवर पाळत ठेवणाऱ्या खात्यात टोळीच्या जिवलग तुकडीचा माणूस! लेगिया त्या टोळीत उघड वावरत होता. याला मी नाइलाज म्हणणार नाही, ही शरणागती.

आणि जमत नव्हतं म्हणता, तर जिंजिच गेल्यावर १३ दिवसांत, २५ मार्च २००३ ला, तुकडी विसर्जित झालीच की. कुळाच्या तळावरून प्रतिकार झाला नाही.

कोकणस्थ_कासव:
आणीबाणी होती साहेब. खुनानंतरच्या धरपकडीच्या 'साब्ल्या' मोहिमेत दहा हजारांवर माणसं उचलली होती आणि अख्खा देश शोकात होता. एरवी कोण धजावलं असतं?

आडकित्ता:
ब्रात्सानोविचला जानेवारी २००३ मध्ये हटवलं. तेव्हा कुठे होती आणीबाणी?

माळावरचा_बाभूळ:
हटवलं ना. फेब्रुवारीत हायवेवर जिंजिच यांच्या गाडीला ट्रक आडवा घालायचा प्रयत्न झाला, आणि मार्चमध्ये ते कुबड्या घेऊन सरकारी इमारतीच्या आवारात गाडीतून उतरले.