कमी उंचीच्या शेडमध्ये दोर चढण्याचा सराव: यंत्रातला भार कसा निर्माण करावा?

प्रश्न

आमच्या गावच्या व्यायामशाळेत मुली दोरीचा मल्लखांब करतात. दोर मैदानातल्या लोखंडी चौकटीला टांगलेला असल्यामुळे पावसाळ्यात सराव जवळजवळ बंद पडतो, आणि पत्र्याच्या शेडची उंची जेमतेम ३ मीटर असल्याने तिथे दोर टांगला तर चार हात मारण्याआधीच डोके पत्र्याला टेकते. म्हणून गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून आम्ही एक यंत्र करून घेतले. वर एक कप्पी, खाली एक कप्पी आणि त्यांवरून फिरणारा अखंड दोर अशी त्याची रचना आहे. मुलगी समोर बाकावर बसून दोर खाली ओढते आणि वरच्या कप्पीच्या चाकावर आवळलेली नमद्याची पट्टी विरोध करते.

यात दोन अडचणी आल्या. हवा दमट असली की दोर कप्पीवरून नुसता घसरतो. आणि पट्टी आधी चिकटून बसते व मग एकदम सुटते, त्यामुळे हिसका बसतो. एका मुलीचा खांदा आठवडाभर दुखत राहिला, तेव्हा आम्ही यंत्र बाजूला ठेवले. रचनेत नेमका बदल काय करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (यंत्र अभियंता)

घसरण्याचे कारण कप्पीच्या खाचेत आहे. दोर अर्धा वेढा घेतो आणि घर्षणगुणांक ०.३ धरला, तर सपाट खाचेत ताणाच्या बाजूचे बल सैल बाजूच्या सुमारे अडीचपटच होऊ शकते. ४० किलो भार पेलायचा असेल तर खालच्या कप्पीला तब्बल ५२ किलो वजन टांगून दोर ताणून ठेवावा लागेल. तीच खाच ४० अंशांच्या कोनाची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी केली, तर दोर पाचरीसारखा आत रुततो, हे प्रमाण पंधरापटीवर जाते आणि साडेपाच किलो पुरतात. दमट हवेसाठी याच्या दुप्पट ठेवावे. अशी खाच दोराला कुरतडते हे मात्र खरे. म्हणून सुती दोराऐवजी पॉलिस्टरचा दोर घ्यावा, कप्पीचा व्यास दोराच्या निदान आठपट असावा आणि दोराचा सांधा लांब गुंफलेला असावा. आखूड सांधा जाड होतो आणि दर फेऱ्याला खाचेत धक्का देतो.

नमद्याच्या पट्टीऐवजी एडी करंट ब्रेक वापरावा, असे मी सुचवेन. ॲल्युमिनियमची चकती चुंबकांमधून फिरते, त्यामुळे चकतीत उठणारे विद्युतप्रवाहच तिच्या फिरण्याला विरोध करतात. कशाचा कशाला स्पर्श होत नाही, त्यामुळे हिसका बसण्याचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर २ (मल्लखांब प्रशिक्षिका)

वरील उत्तरातील खाचेबद्दलचे सर्व म्हणणे मला पटते, पण ब्रेकबद्दल एक शंका आहे. चकती थांबली की चुंबकाचा विरोध शून्य होतो. दोरावर याच्या अगदी उलट घडते. मुलगी थांबते तेव्हाही तिचे सगळे वजन तिच्या पकडीत असते, आणि एक हात सोडून वरची पकड घेण्याच्या त्या क्षणी ते एका हातावर येते. सराव हवा असतो तो याच क्षणाचा. बाकावर बसून ओढताना मुली हात बदलताना दोर ढिला सोडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे; पाठ बळकट होते, पण पकड कच्चीच राहते. शिवाय दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर धरायचा असतो. तो सराव यंत्रावर करू नये. त्यासाठी शेडमध्ये एक आखूड स्थिर दोर टांगावा.

उत्तर ३ (व्यायामयंत्रे बनवणारा)

प्रशिक्षिकाबाईंचा आक्षेप मूलभूत आहे, आणि त्याचे उत्तर बाक काढून टाकण्यात आहे. मुलीला दोराला लटकू द्यावे. तिच्या वजनानेच दोर खाली सरकेल, चुंबकाचा ब्रेक त्याचा वेग रोखून धरेल आणि ती जितक्या वेगाने वर चढेल तितकीच जागेवर राहील. चुंबकाचा जो दोष वर सांगितला आहे, तोच येथे गुण ठरतो. ब्रेकचा विरोध वेगाबरोबर वाढत असल्याने वजन आणि विरोध सारखे झाले की वेग आपोआप स्थिर होतो, भार मात्र सतत पूर्ण वजनाचाच असतो. ती थकून थांबली तर सावकाश जमिनीवर येते.

आकडे असे. ४० किलोची मुलगी सेकंदाला ०.३ मीटर चढली तर सुमारे ११८ वॅट शक्ती चकतीत उष्णता होऊन बाहेर पडते. चकती झाकून बंद करू नये. २०० मिलिमीटरची कप्पी या वेगाला मिनिटाला फक्त २९ फेरे घेते, आणि एवढ्या संथ चकतीवर चुंबकाचा जोर चालत नाही. दोन टप्प्यांच्या साखळीने वेग वीसपट करावा, म्हणजे चकती मिनिटाला ५७० च्या आसपास फिरेल. चुंबक मागेपुढे सरकवण्याची सोय हवीच, कारण त्याच जागी ठेवले तर २० किलोचे मूल निम्म्याच वेगाने उतरते. चढण्याच्या वेगाचा पल्ला केवढा मोठा असतो हे १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवरून कळते: तेथे रेमंड बास यांनी ८ मीटरचा दोर ६.७ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.२ मीटर वेगाने चढून सुवर्णपदक मिळवले.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. साखळी तुटली तर चुंबकाचा ब्रेक निरुपयोगी होतो आणि दोर मोकळा सुटतो. म्हणून वेग वाढला की आपोआप आवळणारा दुसरा ब्रेक थेट कप्पीच्या आसावर बसवावा, खाली जाड गादी असावी, आणि दोर जिथे खाचेत शिरतो तिथे जाळी लावावी. लहान मुलांची बोटे तिथेच सापडतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बाक काल काढून टाकला. वरची कप्पी २.७ मीटरवर बसते, म्हणजे हात वर करून लटकायला उंच मुलींनाही जागा पुरेल. वेल्डिंगवाल्याने व्ही खाचेची कप्पी लेथवर कापून देण्याचे कबूल केले आहे. आसावरचा दुसरा ब्रेक बसून, वाळूच्या पोत्यांनी तो तपासून होईपर्यंत कोणालाही दोराला हात लावू देणार नाही.