अनुभव धागा: परदेशात अनाथ मुलांना शिकवायला गेलेले खानदेशी

परीक्षा संपत आल्या की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतली मुलं विचारू लागतात, "नेपाळला, आफ्रिकेत शिकवायला जायचंय, कुणी गेलंय का?" गेलेल्यांनी इथे लिहा. तिथल्या लेकरांना त्याचा काय उपयोग झाला, तेही लिहा. मुलांचे फोटो मात्र टाकू नका.

चोपडा, निवृत्त शिक्षिका
काठमांडूजवळच्या एका बालगृहात मी इंग्रजी शिकवत होते. आपल्याला व्हिसा लागत नाही आणि लिपीही देवनागरीच, त्यामुळे फळ्यावर अर्थ लिहिला की मुलांना लगेच वाचता यायचा. दोन्ही वेळा डाळभात, सुट्टी शनिवारी.

कुटुंबावर पाच वाक्यं लिहायला दिली, तेव्हा एका मुलीने लिहिलं की आई हुमला या दूरच्या डोंगरी जिल्ह्यात शेती करते. बऱ्याच जणांच्या वहीत आई नाहीतर वडील होतेच. १९९६ ते २००६ च्या माओवादी संघर्षाच्या काळात अशा जिल्ह्यांतल्या आईबापांनी, पोरं शिकतील या आशेने, ती दलालांच्या हवाली केली. वर पैसेही मोजले. राजधानीत त्यांतली कितीतरी मुलं कागदावर अनाथ झाली. काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, जिथे पर्यटक फार तिथेच बालगृहंही फार. पाहुण्यांच्या देणग्यांवर ती चालतात, हे कळल्यावर माझी झोप उडाली.

धाकटी मुलं तर कुणीही नवं माणूस आलं की थेट मांडीवर. जाणाऱ्याला ते प्रेम वाटतं. मला त्यात सतत कुणीतरी सोडून गेलेलं लेकरू दिसलं. मी चालकांना सांगितलं, मी वर्गात शिकवीन. जेवू घालणं, झोपवणं तिथे कायम राहणाऱ्या दीदींकडेच असू द्या. माझं हे मत आजही पक्कं आहे.

धुळे, इंजिनिअर
मी टांझानियात होतो, किलीमांजारोच्या पायथ्याशी. तिथे सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्या आपल्या पोरांना हा धक्का ठाऊक आहे. म्हणून मी मुलांपेक्षा शिक्षकांसोबत जास्त बसलो. विज्ञानाचे शब्द, सोपी वाक्यं, वर्गात बोलायचा सराव. मी परतल्यावरही त्यांचं काम चालू राहिलं. एड्सने आईबाप गेलेली बरीच मुलं आजीकडे राहत होती. तिथे आजीला बीबी म्हणतात. त्या बीबीला गणवेशाला, वह्यांना हातभार लागला तर मूल घरातच राहतं. आणि हो, पर्यटक व्हिसावर तिथे स्वयंसेवा चालत नाही, वेगळा परवाना काढावा लागतो.

धडगाव, नंदुरबार
मी परदेशात गेलेलो नाही, पण पाहुणे ज्यांच्याकडे येतात त्यांतला मी आहे. पहिलीपासून आश्रमशाळेत होतो, आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. पाहुणे यायचे, बिस्किटं वाटायचे, गाणं म्हणायला लावायचे आणि आम्हाला बिचारे म्हणायचे. आम्हाला आईबाप होते! इंग्रजी मला शिकवलं ते आमची पावरी बोली बोलणाऱ्या एका गुरुजींनी. मी दहावी होईपर्यंत ते तिथेच होते.

भुसावळ, समाजकार्य
वरच्या तिघांशी सहमत. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी गुलामगिरीचाच प्रकार मानली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांकडे लक्ष वेधलं. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. मूल नातेवाइकांकडे राहतं आणि त्याच्यासाठी दरमहा मदत मिळते. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे चौकशी करा.

तरीही परदेशी जायचंच असेल तर शाळा निवडा, बालगृह नको. मुलांचे पालक कुठे आहेत, मुलं त्यांना कधी भेटतात, हे आधी विचारा. आणि जी संस्था तुमच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागत नाही, तिथे जाऊ नका. तुम्हाला न तपासता आत घेतात, तसंच इतर कुणालाही घेत असतील.