मोबाइलवर पान आडवं सरकतंय, काय बघू?

रेघोट्या
वाचनालयाच्या साइटचं सीएसएस (मांडणीचे नियम) डेस्कटॉपसाठी लिहिलेलं आहे, खाली मॅक्स-विड्थच्या मीडिया क्वेरी (ठरावीक रुंदीपर्यंतच लागू होणारे नियम) जोडल्यात. पान फोनच्या रुंदीला बसवणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे. तरी ३६० पिक्सेलवर पान आडवं सरकतं, मथळ्यांच्या वेलांट्या कापल्या जातात आणि आयफोनवर शोधचौकटीला बोट लावलं की अख्खं पान मोठं होतं. आणखी क्वेरी टाकू की नव्याने लिहू?

आडवाउभा
नव्याने लिहा, पण फक्त लेआउट. आधी एका स्तंभाचे नियम, कुठल्याही क्वेरीशिवाय. मग मिन-विड्थने, म्हणजे अमुक रुंदीपासून पुढे लागू होणाऱ्या नियमांनी, स्तंभ वाढवा. ७६८ वगैरे आकडे आंधळेपणाने घेऊ नका. खिडकी ३२० पासून रुंद करत न्या, मांडणी जिथे विस्कटेल तिथे ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी.

आडवं कोण सरकवतंय ते शोधायला सगळ्या एलिमेंटना तात्पुरती आउटलाइन द्या. बॉर्डर नको, तिने मापंच बदलतात. मॅक्स-विड्थ १०० टक्के नसलेलं चित्र किंवा फार रुंद टेबल लगेच सापडेल. ग्रिड (स्तंभ-ओळींची मांडणी) मात्र चकवतं: १एफआरचा, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा घेणारा, स्तंभ आतल्या मजकुराच्या किमान रुंदीखाली आक्रसत नाही, त्यामुळे एखादी लांबलचक लिंकही पान ताणते. तिथे किमान रुंदी शून्य करणारं मिनमॅक्स(०, १एफआर) आणि लांब शब्द तोडणारं ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर द्या. पुस्तकांच्या यादीचं टेबल ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो दिलेल्या, म्हणजे स्वतःपुरत्याच आडव्या सरकणाऱ्या, डिव्हमध्ये (चौकटीत) ठेवा. बॉडीला (अख्ख्या पानाला) बाहेर जाणारं लपवणारं ओव्हरफ्लो: हिडन लावून मोकळं होऊ नका, उजवीकडचा मजकूर कापला जाईल.

शिरोरेषा
वेलांट्यांचं कारण म्हणजे इंग्रजी थीममधली १.१ची लाइन-हाइट (ओळीची उंची) आणि त्यावर ओव्हरफ्लो: हिडन. मथळ्यांना १.४, मजकुराला १.६ ते १.७ द्या. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते.

फॉन्ट हलका करायला सबसेट (फक्त लागणाऱ्या अक्षरांचा फॉन्ट) काढणार असाल तर देवनागरीच्या ०९०० ते ०९७एफ या युनिकोड क्रमांकांवर थांबू नका. २००सी (अक्षरं जुळू न देणारं) आणि २००डी (जोडणारं) ही न दिसणारी चिन्हंही घ्या. २००डी गळला तर जिथे रफाराऐवजी आडव्या ‘र’साठी तो वापरलाय तिथे ‘र्‍या’ बिघडू शकतो.

आयफोनचं सोपं आहे: इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला की सफारी झूम करते. १६ करा. त्यासाठी झूमच बंद करणारं यूझर-स्केलेबल=नो टाकणं म्हणजे चष्मेवाल्या वाचकांवर अन्याय.

रेघोट्या
ग्रिडच होतं, मिनमॅक्सने थांबलं. लेखक-परिचय मोबाइलवर डिस्प्ले: नन केला, म्हणजे लपवला, तर?

आडवाउभा
गूगल मोबाइलचंच पान वाचून अनुक्रमणिका करतं, तेव्हा मजकूर काढू नका. टिचकीने उघडणाऱ्या डीटेल्स-समरीमध्ये घाला, समरीची उंची ४८ पिक्सेल ठेवा, अंगठ्याला पुरते.