शब्दचर्चा: रणगाड्याचं चिलखत 'उतरतं' की 'कललेलं'?

घिसाडी: 'वर्ल्ड ऑफ टँक्स' या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेमवर मराठीत लेख लिहितोय. टँक म्हणजे रणगाडा, आर्मर म्हणजे चिलखत, इथवर गाडी सुरळीत. 'स्लोप्ड आर्मर'ला 'उतरतं चिलखत' लिहिलं, तर मित्र म्हणतो, अंगावरून उतरतंय की काय! शिवाय पँथर या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याच्या दर्शनी प्लेटचा कोन एकीकडे 55 अंश दिलाय, दुसरीकडे 35. खरा कुठला? गेममध्ये दोन्ही बाजू तुल्यबळ ठेवतात, त्या 'बॅलन्स'लाही शब्द हवाय.

सांडणीस्वार: कोन दोन्ही खरे. 55 उभ्या रेषेपासून, 35 जमिनीपासून. मराठीत भिंत कलते आणि घाटाला उतार असतो, म्हणजे कल उभ्यापासून मोजायचा, उतार आडव्यापासून. चिलखताचं गणित उभ्यापासून सोपं जातं, तेव्हा 'कललेलं चिलखत' लिहा.

गणित असं: प्लेटची जाडी भागिले कलाच्या कोनाची कोसाइन. पँथरची 80 मिमीची प्लेट आडव्या येणाऱ्या गोळ्याला जवळपास 140 मिमी पडते. सोव्हिएत टी-34ची 45 मिमीची, 60 अंश कललेली प्लेट 90 मिमी. जर्मनांच्याच टायगरची 100 मिमीची जवळजवळ उभीच, त्यामुळे समोरासमोर पँथर त्याला भारी. बाजूने मात्र पँथर लेचापेचा.

घिसाडी: झकास. मग या 140ला 'प्रभावी जाडी' म्हणू?

सांडणीस्वार: मी 'वाटेतली जाडी' म्हणेन. गोळ्याच्या वाटेत किती पोलाद आलं, एवढंच तो आकडा सांगतो. प्रभाव पडला का, हे पोलादाच्या दर्जावर आणि गोळ्याच्या टोकावरही ठरतं. ऑगस्ट 1944मध्ये नॉर्मंडीत इसिन्यीला अमेरिकनांनी हाती लागलेल्या तीन पँथरांवर गोळे झाडून पाहिले. एकाच्या दर्शनी प्लेटने मारा न तडकता झेलला, उरलेल्या दोघांच्या थोड्याच गोळ्यांत तडकल्या. मॉडेल तेच, जाडी तीच. गेममध्ये मात्र कारखान्यातून आलेला प्रत्येक पँथर धडधाकट! याला इतिहास म्हणणं मला जड जातं.

उंडगा: जाडीचे आकडे बरेचदा खरे असतात हो, नियम गेमचे असतात. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये साधा चिलखतभेदी गोळा आदळताना 5 अंश 'सरळ' होतो, म्हणजे प्लेटकडे तेवढा वळतो, 70 अंशांपलीकडे घसरून जातो, आणि गोळ्याचा व्यास प्लेटच्या जाडीच्या तिप्पट असेल तर घसरतच नाही. वर भेदकतेत 25 टक्के वरखाली नशिबाचा भाग. एवढं करून गोळा आरपार गेला तरी रणगाड्याचा 'जीव' तेवढा कमी होतो. वॉर थंडर या दुसऱ्या गेममध्ये तो जीव नाही. आत कोण बसलंय, दारूगोळा कुठे ठेवलाय, त्यावर निकाल. तिथे 'चिलखत' शब्द जास्त शोभतो.

तालमीतला: बॅलन्सला 'समतोल' नको, तराजू आठवतो. कुस्तीतला शब्द घ्या: जोड. तोलामोलाची जोड लावायची, हेच तर गेमवाले करतात. टायगर बनले सुमारे 1,350, अमेरिकन शर्मन 49,000च्या वर. खऱ्या युद्धात जोड कोण लावत बसलंय? गेममध्ये 15 विरुद्ध 15 लढवायचे, तर टायगरसमोर त्याच्या तोलाचा गडी उभा करावाच लागतो. माऊस या अजस्र जर्मन रणगाड्याचे तर दोनच नमुने बनले होते, गेममध्ये गल्लीगल्लीत भेटतो.

घिसाडी: 'जोड लावणे' ढापला! पण ज्याला फक्त इतिहास हवाय, तो म्हणणार जोड बेइमानीची.

तालमीतला: म्हणू दे. पन्नास शर्मनमध्ये एक टायगर सोडला, तर दोन मिनिटांत सगळे गेम बंद करून जेवायला जातील. आकडे इतिहासाचे ठेवावेत, जोड गेमची. आकडेच वाकवले, तर मात्र मी भांडेन.

नगरकर: आमच्या इथल्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश सेंच्युरियन आणि अमेरिकन पॅटन उभे आहेत. पॅटनचं पुढचं अंग ओतीव आहे, सगळीकडे गोलाई. तिथे 'प्लेट' म्हणवत नाही आणि कलही जागोजागी बदलतो. 'ओतीव चिलखत' असा वेगळा शब्द ठेवा.

घिसाडी: ठेवतो. आता तोफेच्या मुळाशी असतं ते मँटलेट राहिलं.

सांडणीस्वार: तोफेची ढाल. टायगरच्या ढालीची जाडी जागोजागी वेगळी आहे, तेव्हा लेखात एकच आकडा टाकू नका.