मदत हवी आहे : शास्त्रीजी आणि ताश्कंद मुलांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी,

आठवीतल्या माझ्या मुलीला लालबहादूर शास्त्रींवर भाषण करायचं आहे. साधी राहणी आणि ‘जय जवान, जय किसान’ एवढ्यावरच त्यांना उरकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. जेमतेम १९ महिने पंतप्रधान असलेल्या या माणसाने सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध चालू असताना सैन्याला आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने जाऊ दिलं. त्यात धान्याची टंचाई, म्हणून आठवड्यातून एक वेळ उपाशी राहायचं आवाहनही केलं. (संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण, हेही मुलांना ठाऊक नसतं.)

अडतंय ते ताश्कंदपाशी. जवानांनी रक्त सांडून घेतलेली काश्मीरमधली हाजीपीर खिंड, ताश्कंदला (तेव्हाच्या सोव्हिएत संघातलं शहर) १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी झालेल्या करारामुळे परत द्यावी लागली आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. मृत्यूभोवतीच्या तर्कवितर्कांत मला शिरायचं नाही. पण खिंड सोडण्यामागचा पेच तेरा वर्षांच्या मुलीला सोप्या शब्दांत कसा सांगाल? कुणी शिक्षक किंवा निवृत्त फौजी असाल तर जरूर लिहा.

शिवाय तुमच्या आजी-आजोबांनी तेव्हा सोमवारी रात्रीचं जेवण सोडल्याची आठवण असेल, तर तीही हवी आहे. भाषण पुढच्या शुक्रवारी आहे.