फ्युएल सेलचं मार्केट नक्की चाललंय कुठे?

प्रश्न: फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजनसारखं इंधन न जाळता त्यातून थेट वीज बनवणारं यंत्र. त्यावर चालणारी टोयोटाची मिराई कार २०१४ ला आली तेव्हा केवढा गाजावाजा होता, आणि २०२४ मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले कारसाठीचे हायड्रोजन पंप बंद करून टाकले, मग हे प्रकरण संपलं का?

गॅरेजवाला: कारपुरतं संपल्यातच जमा. टाकीत ७०० बारच्या दाबाने गॅस भरायचा, त्यात पंप सापडत नाही. बॅटरीवाले कधीच पुढे गेले.

वीजवेडा: अहो पण खरा धंदा डेटा सेंटरला वीज पुरवण्याचा आहे ना! ब्लूम एनर्जी या अमेरिकन कंपनीचे सॉलिड ऑक्साइड सेल (खूप तापमानाला चालणारे सिरॅमिकचे फ्युएल सेल) नॅचरल गॅसवरही चालतात, कारच्या सेलसारखं महागडं प्लॅटिनम लागत नाही, आणि ग्रिडचं कनेक्शन येईपर्यंत थांबायला एआयवाल्यांना वेळ कुठेय? फक्त गॅसवर चालवलं की कार्बन डायऑक्साइड निघतोच, त्याला ग्रीन म्हणू नका राव.

पुणेकर_ताई: आपल्याकडे पुण्यात २०२२ ला केपीआयटी (पुण्याची टेक कंपनी) आणि सीएसआयआर (सरकारी संशोधन संस्था) यांची हायड्रोजन फ्युएल सेलवरची बस दाखवली होती, तिचं पुढे काय झालं?